घरात कुणी अचानक गेलं होतं का?

भारतीय फुटबॉल संघाचा बचावपटू अन्वर अली हे नाव आपल्या क्रिकेटवेड्या भागात फारसं कुणाला माहीत नसेल. पण ज्यांची मुलं मैदानावर जातात, पोलीस भरतीसाठी पहाटे पळायला जातात, जिममध्ये घाम गाळतात, त्या आईवडिलांनी त्याची गोष्ट जरूर समजून घ्यावी. ही गोष्ट खेळाइतकीच हृदयाची आहे आणि हृदयाइतकीच घराची.

अन्वरचा जन्म २००० सालचा. पंजाबात जालंधर जिल्ह्यातल्या आदमपूर भागातलं त्याचं घर. वडील गुरं पाळून संसार चालवणारे. अशा घरातलं पोरगं पायाच्या जोरावर पुढं आलं. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात भरला, तेव्हा तो भारताच्या संघात होता. त्याच संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षाचालकाचा मुलगा. त्या संघातल्या अनेकांची घरं अशीच होती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, स्पेनमधल्या एका स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. त्यातला दुसरा गोल अन्वरच्या फ्री किकवर झाला होता. मुंबई सिटी एफसीने त्याला आपल्याकडे घेतलं. घरच्यांचे दिवस पालटणार, असं वाटत होतं.

२०१९ मध्ये वैद्यकीय तपासणीत त्याच्या हृदयात दोष सापडला. आजाराचं नाव ‘हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी’. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. हृदयाचा स्नायू जन्मजात दोषामुळे नको तेवढा जाड होतो. मुलगा धडधाकट, धावण्यात कुणाला हार न जाणारा. आणि त्याला सांगितलं गेलं की, तुझ्यासाठी मैदान धोक्याचं आहे.

त्याची वैद्यकीय फाइल हा त्याचा खासगी विषय आहे. वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात जेवढं उघड झालं, तेवढ्यावरच आपण बोलू. पण त्या निमित्ताने एक गोष्ट प्रत्येक घरापर्यंत पोहोचवायची आहे. खेळाडूची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ म्हटलं की आपण वडील काय करतात, घरची परिस्थिती कशी होती, आईने किती कष्ट काढले हे विचारतो. डॉक्टरसाठी या शब्दाचा आणखी एक अर्थ असतो. या घराण्यात कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं? हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि तरीही तो सर्वांत कमी विचारला जातो.

स्नायू जाड, पण ताकदीचा नव्हे

तालमीत दंड फुगतो तसं हृदय फुगलं तर चांगलंच की, असं कुणालाही वाटेल. इथे तसं नसतं. निरोगी माणसाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास जाड असते. या आजारात ती दीड सेंटिमीटर किंवा त्याहून जाड होते, आणि त्याला उच्च रक्तदाब किंवा झडपेचा आजार असं दुसरं कारण नसतं. काहींत दोन कप्प्यांमधला पडदा जाड होतो आणि रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद होते. काहींत हृदयाचं खालचं टोक जाड होतं. अन्वरचा प्रकार हा टोकाचा असल्याचं सांगितलं गेलं.

खरी अडचण जाडीपेक्षा रचनेची आहे. निरोगी हृदयात स्नायूंचे तंतू शिस्तीत, एका दिशेने लावलेले असतात. या आजारात ते विस्कटतात, मध्ये मध्ये वण तयार होतात. वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना एक उदाहरण पटेल. मोटर दणकट आहे, पण आतलं वायरिंग गुंतलेलं आहे. मशीन रोज चालतं, कुणाला शंकाही येत नाही. एक दिवस भार वाढतो आणि ठिणगी पडते. हृदयातही वीज असते. ती ठरलेल्या वाटेने न जाता भलतीकडे फिरू लागली की हृदयाचा खालचा कप्पा आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरतो. रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत माणूस कोसळतो.

याला आपण सरसकट ‘हार्ट अटॅक’ म्हणतो. ते बरोबर नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते. इथे नळ्या स्वच्छ असतात, विजेचा घोटाळा होतो आणि हृदय थांबतं. त्याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. पस्तिशीच्या आतला खेळाडू मैदानात कोसळतो तेव्हा बहुधा त्यामागे हा किंवा असाच एखादा जन्मजात दोष असतो. पस्तिशीनंतर मात्र तुंबलेल्या नळ्या हे मुख्य कारण ठरतं.

घाबरून जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. हा आजार साधारण ५०० माणसांत एकाला असतो, म्हणजे दुर्मीळ नाही. पण यातले बहुसंख्य लोक पूर्ण आयुष्य जगतात. कित्येकांना तो असल्याचं कधी कळतही नाही. अचानक मृत्यू थोड्यांच्या वाट्याला येतो. ते थोडे कोण हे आधी ओळखता यावं, यासाठी सगळा खटाटोप आहे.

आजाराचा शोधच घराण्यातून लागला

१९५८ मध्ये लंडनमधले शवविच्छेदनतज्ज्ञ डोनाल्ड टिअर यांनी आठ तरुण माणसांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं. हृदयाची भिंत एका बाजूला विचित्र जाड झालेली होती. आधुनिक वैद्यकाने या आजाराची नीट दखल घेतली ती तिथून. १९६१ मध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोटिकूक नावाच्या गावाकडचं हे घराणं. तिथे पिढ्यानपिढ्या माणसं तरुण वयात अचानक जात. गावात याला शाप म्हणत. डॉक्टरांनी वंशावळ मांडली तेव्हा कळलं की हा शाप आई किंवा वडिलांकडून मुलांकडे ठराविक रीतीने येतो. जवळजवळ तीस वर्षांनी, १९९० मध्ये, बोस्टनच्या संशोधकांनी याच घराण्याच्या रक्तातून तो बिघडलेला जनुक शोधून काढला. हृदयाचा स्नायू ज्या प्रथिनांमुळे आकुंचन पावतो, त्यांपैकी एक प्रथिन बनवणारा तो जनुक होता. लोक ज्याला शाप म्हणत होते, तो एका जनुकातला बारीकसा बदल निघाला.

शाप म्हणणं आपल्याकडेही नवं नाही. ‘त्या घरात पोरं टिकत नाहीत’, ‘त्यांना पितरांचा दोष आहे’, ‘बाहेरचं काहीतरी लागलं’, ‘नजर लागली’. गावाकडे हे शब्द ऐकू येतात तेव्हा डॉक्टरने कान टवकारले पाहिजेत. अशा बोलण्यात कधी कधी घराण्याचा खरा वैद्यकीय इतिहास दडलेला असतो.

हा आजार पुढच्या पिढीत जाण्याचं गणित नाणेफेकीसारखं आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असेल तर प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. चार भावंडांत दोघांना मिळेल असा हिशेब नाही. एकालाही मिळणार नाही किंवा चौघांनाही मिळेल. मुलगा-मुलगी असाही भेद नाही. दोष मिळाला तरी आजार प्रत्येकात सारखा दिसत नाही. वडिलांना साठीपर्यंत काहीच त्रास नाही आणि मुलगा अठराव्या वर्षी कोसळतो, असंही घडतं. स्नायूची जाडी बहुधा वयात येण्याच्या काळात वाढते. त्यामुळे दहाव्या वर्षी काढलेला स्वच्छ रिपोर्ट विसाव्या वर्षी कामाचा नसतो. ज्या घरात हा आजार सापडला आहे तिथल्या वाढत्या वयाच्या मुलांची तपासणी दर एक-दोन वर्षांनी आणि मोठ्यांची तीन ते पाच वर्षांनी पुन्हा करायची असते.

भारतीयांसाठी यात एक खास नोंद आहे. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेलं एक संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातले २५ अक्षरांचे तुकडे गळालेले असणं, हा बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळतो, असं त्यात दिसलं. या बदलामुळे प्रत्येकाला आजार होतो असं नाही. पण हृदय कमजोर होण्याचा धोका वाढतो, आणि तोही बहुधा उतारवयात. आई आणि वडील दोघांकडूनही तो आला तर परिणाम जास्त गंभीर होतात. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं अजूनही होतात. एकाच घराण्यातला तोच दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते. कुणाला दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. पण सोयरीक जुळवताना ही माहिती घरात असलेली बरी.

पत्ता बजाजनगरचा, इतिहास गावाकडचा

बजाजनगरची वस्ती ही कारखान्यांच्या मागोमाग वाढलेली वस्ती. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ छोटे-मोठे उद्योग आले आणि जालना, बीड, परभणी, बुलढाणा, अहिल्यानगर अशा सगळीकडून माणसं इथे येऊन राहिली. पहिली पिढी शिफ्टमध्ये राबली. दुसरी पिढी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. या मुलांना आजोबांचं नाव माहीत असतं, पणजोबांचं नसतं. वडिलांच्या धाकट्या भावाचा फोटो भिंतीवर असतो, पण तो कसा गेला हे कुणी बोलत नाही.

बाह्यरुग्ण विभागात छातीत धडधड होते म्हणून आलेल्या तरुणाला मी विचारतो, ‘घरात कुणाला हृदयाचा आजार?’ उत्तर ठरलेलं. ‘नाही, साहेब.’ मग प्रश्न जरा बदलून विचारावा लागतो. ‘घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का?’ मुलगा आईकडे बघतो. आई जरा थांबून सांगते, ‘याचा चुलता गेला होता ना. विहिरीत बुडून.’ ‘पोहता येत नव्हतं का त्यांना?’ ‘चांगलं येत होतं. पट्टीचा पोहणारा होता.’ इथे डॉक्टरने लेखणी थांबवायला हवी. पोहता येणारा माणूस स्वच्छ पाण्यात का बुडाला? हृदयाच्या विजेचे काही जन्मजात आजार असे आहेत की पाण्यात उडी मारल्यावर किंवा पोहताना हृदयाचा ताल बिघडतो. माणूस पाण्यात बेशुद्ध होतो आणि नोंद ‘बुडून मृत्यू’ अशी होते.

असे मुखवटे अनेक आहेत. कुणी झोपेत गेलेला असतो. कुणी सरळ रस्त्यावर, समोर काही नसताना मोटारसायकलवरून पडलेला असतो. कुणाला ‘फिट यायच्या’, मिरगीच्या गोळ्या चालू होत्या, पण त्या फिट पळताना किंवा कुणी अचानक दचकवल्यावरच यायच्या. कुणी वरातीत नाचताना कोसळला आणि लोक म्हणाले, ‘दारू जास्त झाली.’ यातलं प्रत्येक मरण हृदयाचंच होतं असं मुळीच नाही. पण एकाच घरात अशी दोन मरणं असतील तर तो योगायोग मानून सोडून देऊ नये.

स्थलांतराने आपल्याला पक्की नोकरी दिली, मुलांना इंग्रजी शाळा दिली. घराण्याची आठवण मात्र गावातच राहिली. ती आठवण ज्यांच्याकडे आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आईच्या माहेरचा इतिहास तर आणखी विस्मरणात जातो. ‘घराणं’ म्हणजे वडिलांचं घराणं, असं आपण धरून चालतो. जनुकांना माहेर-सासर कळत नाही.

खेळाडूचं हृदय आणि आजारी हृदय

इथे डॉक्टरांपुढेही पेच असतो. रोज दोन-तीन तास कसून सराव करणाऱ्याचं हृदय थोडं मोठं आणि थोडं जाड होतंच. तो आजार नसतो, शरीराने केलेली जुळवणी असते. अशा खेळाडूची नाडी विश्रांतीत पन्नासच्याही खाली असू शकते. भिंतीची जाडी तेरा-चौदा मिलिमीटर आली की हे सरावाने झालं की दोषाने, हे सांगणं अवघड होतं. मग बाकीचे पुरावे तपासावे लागतात. आतला कप्पा मोठा आहे की आखूड? ईसीजीमध्ये कोणते बदल आहेत? एमआरआयमध्ये वण दिसतो का? काही महिने सराव थांबवला तर जाडी कमी होते का? आणि पुन्हा तोच प्रश्न: घरात कुणी?

ईसीजी ही स्वस्त चाचणी आहे आणि या आजाराच्या बहुतेक रुग्णांत ती कुठे ना कुठे बिघडलेली दिसते. त्यापुढची पायरी टूडी इको. या दोन्ही चाचण्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होतात. एमआरआय आणि जनुकीय चाचणी मात्र शंका पक्की असेल तरच.

मग प्रत्येक खेळाडूचा ईसीजी काढावा का? इटलीने १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तिथल्या व्हेनेटो भागात खेळाडूंच्या अचानक मृत्यूचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत ८९ टक्क्यांनी घटलं. इस्राएलमध्येही तशी सक्ती झाली, पण तिथल्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. अमेरिकेत आधी सविस्तर प्रश्नावली आणि शारीरिक तपासणी, मग गरज वाटली तर ईसीजी, अशी पद्धत आहे. तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. कोणत्याही देशाच्या कोणत्याही तपासणीत कुटुंबाचा इतिहास हा पहिल्या काही प्रश्नांत असतोच.

खेळायचं की थांबायचं?

अन्वरकडे परत येऊ. निदान झाल्यावर त्याचं मुंबईच्या संघाकडून खेळणं थांबलं. २०२० मध्ये तो कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगकडे गेला. तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला सराव करू देऊ नये असं कळवलं. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. फुटबॉल ही आपली उपजीविका आहे, हे त्याचं म्हणणं होतं.

या भांडणात कुणी खलनायक नाही, हे समजून घ्यायला हवं. महासंघाच्या डॉक्टरांसमोर मैदानावर कोसळलेल्या खेळाडूंची उदाहरणं होती. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधल्या लिऑनला कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए सामना सुरू असताना मध्यभागी कोसळला आणि गेला. वय २८. शवविच्छेदनात हाच आजार सापडला. आणि अन्वरसमोर त्याचं घर होतं. शिकून दुसरी नोकरी धरावी इतका वेळ त्याच्या हातून निघून गेला होता. लहानपणापासून एकच काम शिकलेला मुलगा, आणि तेच काम करू नकोस असं सांगणारे डॉक्टर. आपल्याकडे क्रेन चालवणाऱ्या कामगाराला मिरगीचं निदान सांगताना हीच घालमेल समोर दिसते. औषधाच्या चिठ्ठीवर घराचा हप्ता लिहिलेला नसतो, पण रुग्ण तोच वाचत असतो.

वैद्यकशास्त्राचं मतही याच काळात बदलत होतं. २००५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार हा आजार असलेल्यांना जवळजवळ सगळे स्पर्धात्मक खेळ बंद होते. २०२० मध्ये अमेरिका आणि युरोप दोन्हीकडच्या सूचनांनी ही सरसकट बंदी सैल केली. प्रत्येक रुग्णाचा धोका वेगळा मोजावा आणि तज्ज्ञ, खेळाडू व कुटुंब यांनी मिळून निर्णय घ्यावा, असं आता सांगितलं जातं. २०२३ मध्ये १,६६० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यातले बहुतेक हा आजार असलेले होते, काहींत फक्त जनुकीय दोष होता. सुमारे तीन वर्षांच्या पाहणीत जोरकस व्यायाम करणाऱ्यांत गंभीर घटना इतरांपेक्षा जास्त दिसल्या नाहीत. याचा अर्थ ‘आजार असला तरी बिनधास्त खेळा’ असा घेऊ नका. हे लोक निदान झालेले, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असलेले होते. न तपासलेल्या, न ओळखलेल्या मुलाला हा दिलासा लागू होत नाही.

धोका मोजताना काय पाहतात? खेळताना बेशुद्ध पडला होता का, भिंत तीन सेंटिमीटरपर्यंत जाड आहे का, चोवीस तासांच्या ईसीजीत धोक्याचे ठोके आहेत का, हृदयात वण किती आहे, आणि जवळच्या नात्यात या आजाराने कुणी तरुण वयात गेलं आहे का. पाहा, हाच प्रश्न इथेही आला.

अन्वर २०२१ मध्ये दिल्ली एफसीकडून पुन्हा मैदानावर उतरला. २०२२ च्या सुरुवातीला गोव्याच्या एफसी गोवा संघाकडून तो इंडियन सुपर लीगमध्ये खेळू लागला आणि मार्चमध्ये भारताच्या वरिष्ठ संघात आला. १४ जून २०२२ रोजी कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध सामना सुरू होताच त्याने देशासाठी पहिला गोल केला. त्याच्या बाबतीत जे ठरलं ते त्याच्या हृदयापुरतं, त्याच्या तपासण्यांपुरतं. दुसऱ्या कुणाला थांबावं लागेल, आणि थांबणं हेच त्याच्यासाठी शहाणपणाचं असेल. दोन्ही निर्णयांना आधी निदान लागतं.

कोसळल्यावरची पाच मिनिटं

गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना ५ डिसेंबर २००४ विसरता येत नाही. बंगळुरूला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन युरो स्पर्धेच्या सामन्यात तसाच कोसळला, पण वाचला. सहकाऱ्यांनी लगेच हाक दिली, छातीवर दाब देणं तातडीने सुरू झालं, विजेचा झटका देणारं यंत्र मैदानातच होतं. पुढे हृदयाचा ताल सांभाळणारं छोटं यंत्र छातीत बसवून तो पुन्हा वरच्या दर्जाचं फुटबॉल खेळला.

हृदय थरथरू लागल्यावर झटका मिळायला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणून खेळताना कुणी कोसळला, हाक मारून उठत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर कांदा हुंगवणं, पाणी पाजणं, चप्पल नाकाशी धरणं यात वेळ घालवू नका. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावं, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, मदत येईपर्यंत. हातपाय झटकले तर फिट समजून थांबू नका. हृदय थांबल्यावरही सुरुवातीला तसं होतं. मोठ्या कंपन्या, शाळा, भरतीची मैदानं आणि टर्फ चालवणाऱ्यांनी झटक्याचं यंत्र ठेवलं तर तो खर्च वाया जाणार नाही.

घरी आज काय कराल?

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. बरीच मुलं अर्ज भरल्यावर शेवटच्या महिन्यात सराव सुरू करतात, उपाशीपोटी पळतात, कुणीतरी दिलेली ताकदीची पावडर घेतात. पळायला सुरुवात करण्याआधी घरात बसून या पाच प्रश्नांची उत्तरं शोधा.

एक, आईच्या किंवा वडिलांच्या बाजूने कुणी पन्नाशीच्या आत अचानक, झोपेत, पाण्यात किंवा विनाकारण अपघातात गेलं आहे का? दोन, घरात कुणाला हृदयाच्या स्नायूचा आजार, तरुणपणी पेसमेकर, किंवा औषधांनी न थांबणाऱ्या फिट आहेत का? तीन, मुलगा किंवा मुलगी पळताना किंवा पळून थांबताच कधी चक्कर येऊन पडली आहे का? उन्हात उभं राहून चक्कर येणं वेगळं. धावतानाची चक्कर गंभीर समजावी. चार, बरोबरीच्या मुलांपेक्षा दम फार लागतो, छातीत दुखतं किंवा विचित्र धडधड होते का? पाच, शाळेतल्या तपासणीत कधी डॉक्टरांनी हृदयात आवाज येतो असं सांगितलं होतं का?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर सराव तूर्त थांबवा आणि ईसीजी व टूडी इको करून घ्या. बहुतेक वेळा रिपोर्ट चांगला येईल आणि मुलगा निश्चिंत होऊन पळेल. दोष सापडलाच तर औषधं आहेत, यंत्रं आहेत, आणि भावंडांचीही वेळेत तपासणी होईल. ती टाळू नका. ‘रिपोर्टमध्ये काही निघालं तर लग्न जमणार नाही’ या भीतीने मुलींच्या तपासण्या मागे राहतात, हे मी पाहत आलो आहे. लपवलेला आजार लग्नानंतर बाळंतपणाच्या वेळी समोर येतो, आणि तेव्हा सगळ्यांचीच धावपळ होते.

दिवाळीला किंवा यात्रेला गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसा. वही घेऊन बसा. आजोबांचे भाऊ किती, आजीचे भाऊ किती, त्यांची मुलं किती, कोण कधी आणि कसं गेलं, हे लिहून घ्या. आईच्या माहेरीही तसंच करा. त्या पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा दाखवा. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.